केजमधून टेबलापर्यंत: फायटरचा मॅनेजर होतानाची चार वर्षं

मी एमएमए लढायचो, म्हणजे जाळीच्या केजमध्ये ठोसे, लाथा आणि पकडी सगळं चालणारा खेळ. शेवटच्या फाईटनंतर ड्रेसिंग रूममध्ये कमिशनच्या, म्हणजे फाईटवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, डॉक्टरांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. दुसऱ्या राउंडला मी नॉकआउट झालो होतो. कागदावर लिहिलं होतं: ६० दिवस फाईट नाही, ४५ दिवस स्पारिंग, म्हणजे सरावातली लढत, नाही. शिवाय डोळ्याखालच्या हाडाचा एक्स-रे व्यवस्थित आला नाही, तर १८० दिवस सगळंच बंद. असे कागद मला आधीही मिळाले होते. ते मी बॅगेत कोंबायचो आणि विसरून जायचो. हा मात्र तिथेच बसून, एका डोळ्यावर बर्फाची पिशवी धरून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

त्याला कारण होतं. आदल्या दिवशी मेडिकलच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: ‘गेल्या ६० दिवसांत सरावात डोक्याला मार लागून शुद्ध हरपली होती का?’ मी ‘नाही’समोर खूण केली होती. खरं उत्तर ‘हो’ होतं. १९ दिवस आधी स्पारिंग करताना एक गुडघा कानशिलावर बसला होता, आणि त्यानंतरचे काही क्षण मला आजही आठवत नाहीत. मॅटवर पडलेला मी उठून ‘चल, पुढे’ म्हणालो, हे मला मित्रांनी सांगितलं. आमच्या कोच सरांच्या कानावर आम्ही ते घातलंच नाही. माझ्या तेव्हाच्या मॅनेजरनेही विचारलं नाही. फाईट ठरली की तो फोन करायचा आणि फाईट झाली की २० टक्के घ्यायचा. खोटं मात्र मीच लिहिलं होतं, आणि ते कुणी माझ्याकडून लिहून घेतलं नव्हतं.

त्यानंतरच्या चार वर्षांत मी लढणं सोडलं, लायसन्स काढलं आणि आता तीन फायटरांचं काम बघतो. या वाटेवर कुठे काय लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहितो आहे.

निवृत्ती म्हणजे केजच्या मधोमध ग्लोव्हज ठेवायचे आणि निघून यायचं, एवढंच मला माहीत होतं. प्रत्यक्षात तो सगळा पत्रव्यवहार निघाला. माझ्या करारात अजून दोन फाईट शिल्लक होत्या. मी प्रमोशनला, म्हणजे फाईट भरवणाऱ्या कंपनीला, दोन ओळींचा ईमेल पाठवला आणि सुटलो असं समजलो. मार्चमध्ये एका वकील मैत्रिणीने करार वाचला आणि एका कलमावर बोट ठेवलं. फायटर निवृत्त झाला तरी करार संपत नाही, फक्त घड्याळ थांबतं. उद्या पुन्हा लढावंसं वाटलं तर त्याच प्रमोशनकडे, त्याच उरलेल्या दोन फाईट. दुखापतीच्या काळालाही हेच लागू: जितके महिने मी बाहेर, तितके महिने करार पुढे. सही करताना मी फक्त आकडा बघितला होता. रीतसर मुक्तीचं पत्र मागितलं, चार वेळा आठवण केली, सात आठवड्यांनी ते आलं.

उत्तेजक चाचणीचंही वेगळं प्रकरण असतं. चाचणीच्या यादीत असलेल्या खेळाडूला आपला ठावठिकाणा कळवत राहावं लागतं. निवृत्ती लेखी कळवेपर्यंत नाव यादीतच राहतं, आणि राहत्या ठिकाणी पहाटे चाचणी घेणारे येऊ शकतात. माझ्याकडे निवृत्तीनंतर महिन्याभराने आले. परत खेळायचं ठरलं तर जागतिक उत्तेजकविरोधी नियमांप्रमाणे सहा महिने आधी कळवून चाचणीसाठी उपलब्ध राहावं लागतं. म्हणून निवृत्तीचे दोन ईमेल एकाच दिवशी पाठवा, एक प्रमोशनला आणि एक चाचणी संस्थेला. दोन्हींची पोच जपून ठेवा.

एप्रिल ते ऑगस्ट हा काळ मला नीट सांगता येत नाही. पंधरा वर्षं शरीराला सकाळी सहाला उठून काय करायचं हे माहीत होतं. आता सहाला जाग यायची आणि करायला काही नसायचं. जिममध्ये नवशिक्यांचे सकाळचे वर्ग घ्यायला लागलो. तेवढ्यावर घर चालायचं, जेमतेम.

सप्टेंबरमध्ये जिममधला एक मुलगा कागदांचा गठ्ठा घेऊन आला. २३ वर्षांचा, बँटमवेट, म्हणजे ६१.२ किलोचा. ‘दादा, चार फाईटचं कॉन्ट्रॅक्ट आलंय, आज रात्री सही करून पाठवतो,’ म्हणाला. मी म्हटलं, आज नको. तो चमकला. मीही थोडा चमकलो, कारण तोवर फाईटच्या कागदाला ‘आज नको’ हे शब्द मी कधीच म्हटले नव्हते.

आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत ते वाचत बसलो. अर्धं कळलं नाही. दुसऱ्या दिवशी वकील मैत्रिणीने तिच्या ओळखीतल्या, खेळाडूंचे करार बघणाऱ्या एका वकिलांकडे पाठवलं. त्यांची फी तासावर होती. त्या महिन्यात एकूण सहा तास झाले, आणि माझ्या शेवटच्या फाईटच्या मानधनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यात गेला. फी मी भरली, मुलाकडून घेतली नाही, कारण शिकत मी होतो.

त्या सहा तासांत जे कळलं त्यावर माझं आजचं निम्मं काम उभं आहे. पहिलं म्हणजे कागद दोन असतात. एक प्रमोशनशी होणारा मोठा करार: किती फाईट, किती महिने, दुसरीकडे लढायला बंदी. दुसरा प्रत्येक फाईटचा वेगळा: प्रतिस्पर्धी, वजन, तारीख. मोठ्या करारात ‘चार फाईट’ लिहिलेलं असलं, तरी त्या किती दिवसांत द्यायच्या हे लिहिलेलं नसेल तर फायटर वर्षभर नुसता बसून राहू शकतो. मुदत संपल्यावरही काही महिने फक्त त्यांच्याशीच बोलायचं आणि त्यानंतर दुसऱ्याने दिलेली ऑफर तेवढ्याच रकमेत त्यांनी उचलायची, अशी कलमं सर्रास असतात. चॅम्पियन झालात तर करार आपोआप वाढतो, हे कलम वाचताना तो मुलगा खुश झाला. वकील म्हणाले, तुमची किंमत सगळ्यात जास्त असेल तेव्हाच तुम्हाला बाजारात जाता येणार नाही, असा याचा अर्थ आहे.

अमेरिकेत २००० साली मुहम्मद अलींच्या नावाने बॉक्सिंगसाठी कायदा झाला. प्रमोटर आणि मॅनेजर यांचे पैशाचे हितसंबंध एकमेकांत गुंतू नयेत, अशी तरतूद त्यात आहे. पण तो कायदा एमएमएला लागू नाही. आमच्या खेळातल्या करारांचा प्रश्न कोर्टात गेला तो डिसेंबर २०१४ मध्ये, कंग ली आणि इतर फायटरांनी यूएफसी या सगळ्यात मोठ्या प्रमोशनच्या कंपनीविरुद्ध केलेल्या दाव्यात. त्या खटल्यात ३७.५ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्टाने तिला मंजुरी दिली. दहा वर्षांनी मंजूर झालेली ती रक्कम वाटून घेणाऱ्यांत कितीतरी जण तोवर निवृत्त झालेले होते. तासाची फी भरताना हात आखडतो तेव्हा मला हा खटला आठवतो.

मुलाच्या करारात दोन बदल मागितले. एक मान्य झाला: फाईटच्या अटीत चार महिन्यांची मर्यादा आली. सही अठरा दिवसांनी झाली. त्याच आठवड्यात त्याच्या मोठ्या ताईने विचारलं, ‘आता याचं सगळं तुम्हीच बघणार का?’

मॅनेजर व्हायला कुठली पदवी लागत नाही, हेच मला धोक्याचं वाटतं. पण जिथे कमिशन आहे तिथे अनेक ठिकाणी मॅनेजरला स्वतंत्र लायसन्स लागतं, आणि फाईटच्या रात्री कोपऱ्यात उभं राहून फायटरला सूचना द्यायच्या तर कॉर्नरचंही वेगळं. माझा अर्ज ऑक्टोबरमध्ये गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. फायटर म्हणून नोंदीत माझं आडनाव एका स्पेलिंगने होतं, पासपोर्टवर दुसऱ्या. शपथपत्र करून दिलं, आणखी पाच आठवडे गेले. अर्जात जुनी सस्पेन्शन, गुन्हे, कुठल्या प्रमोशनमध्ये हिस्सा आहे का, असं सगळं विचारतात. तुम्ही फायटर असाल तर लढत असतानाच सगळीकडची नावं एकसारखी करून घ्या. उत्तेजकविरोधी नियम मॅनेजरलाही बांधतात, हेही तेव्हाच कळलं. फायटरची चूक लपवायला मदत केली तर शिक्षा आपल्यालाही होते.

मॅनेजर म्हणून स्वतःचं कमिशन, म्हणजे टक्केवारी, किती घ्यायचं यावर मी खूप अडखळलो. या धंद्यात साधारण १० ते २० टक्के चालतं. मला काहीच घेऊ नये असं वाटत होतं. ताईने ते मानलं नाही. ‘फुकट केलंत तर आम्हाला तुम्हाला काही विचारता येणार नाही,’ म्हणाली. बरोबर होतं तिचं. १० टक्के, दोन वर्षं, आणि ३० दिवसांच्या लेखी सूचनेवर दोघांपैकी कुणालाही मोकळं होता येईल, असा करार केला. कमिशन नेमकं कशावर, हे त्यात स्पष्ट लिहा: फक्त मानधनावर की बोनस आणि स्पॉन्सरवरही. आम्ही ते मोघम ठेवलं, त्याकडे पुढे येतो.

स्पॉन्सरवर पूर्वी मॅनेजरांचं बरंच चालायचं. शॉर्ट्सवरच्या जागा, केजमध्ये मागे धरायचा बॅनर, सगळं विकलं जायचं. जुलै २०१५ पासून यूएफसीने रिबॉकचा एकच पोशाख आणला आणि तिथली ती कमाई बंद झाली. लहान प्रमोशनमध्ये अजून जागा विकता येते, पण एका लोगोसाठी मी वीस-पंचवीस ईमेल पाठवलेत आणि दोन उत्तरं आलीत.

पहिल्या फाईटची तारीख फेब्रुवारीत आली. मग मेडिकलचा महिना. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, डोळ्यांची तपासणी, हृदयाचा ईसीजी, मेंदूचा एमआरआय. प्रत्येक कमिशनची मुदत वेगळी: रक्ताचे रिपोर्ट एकीकडे ३० दिवसांपेक्षा जुने चालत नाहीत, दुसरीकडे सहा महिने चालतात. पुढच्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी आली, तिच्यासाठी गर्भचाचणीचा रिपोर्टही लागला आणि तो अगदी शेवटच्या दिवसांतलाच चालतो. मी एक तक्ता केला आहे: चाचणी, कधी केली, कधीपर्यंत चालेल, पैसे कुणी भरले. त्या फेब्रुवारीत हिपॅटायटिसचा रिपोर्ट वजन करायच्या आदल्या संध्याकाळी आला. तेवढे दोन दिवस मी झोपलो नाही. आता रक्त तीन आठवडे आधी देतो आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढत नाही.

मुलगा त्या फाईटमध्ये निर्णयावर हरला, दोन पंच तिकडे, एक इकडे. आमच्या खेळात मानधन बहुधा दोन भागांत असतं: केजमध्ये उतरल्याचं आणि जिंकल्याचं. उतरल्याचे १०० धरा आणि जिंकल्याचे आणखी १००. हरला की १००च. त्यातून सरांचे १०, माझे १०, मेडिकल आणि दुसऱ्या कॉर्नरचा प्रवास मिळून १७. कर भरायच्या आधी त्याच्याकडे ६३ उरले, तीन महिन्यांच्या सरावाचे. हा हिशेब मी त्याला आणि ताईला कागदावर लिहून दिला. लढत होतो तेव्हा असा कागद मला कधी कुणी दिला नव्हता, आणि मी मागितलाही नव्हता.

जूनमध्ये प्रमोशनच्या मॅचमेकरचा, म्हणजे जोड्या ठरवणाऱ्याचा, फोन आला. कुणीतरी जखमी झालं, अकरा दिवसांनी जागा रिकामी आहे. मुलाचं वजन तेव्हा ७१.५ किलो होतं. मी त्याला सांगितलं आणि माझं वाक्य संपायच्या आत तो ‘हो’ म्हणाला. त्याचा तो ‘हो’ मला आतून ओळखीचा होता. फायटर ऑफरला नकार देत नाही, कारण पुढची येईल याची खात्री नसते. पण अकरा दिवसांत दहा किलो म्हणजे शेवटचे पाच-सहा किलो निव्वळ पाणी. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा फायटर मनिलामध्ये वजन उतरवताना कोसळला आणि गेला. त्यानंतर ती फाईट भरवणाऱ्या वन चॅम्पियनशिपने शरीरातलं पाणी तपासायला सुरुवात केली. वजनानंतर सलाईन लावून भरून काढू, असं जुने लोक अजून सांगतात. पण रुग्णालयातल्या उपचारांचा भाग नसेल तर १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन उत्तेजकविरोधी नियमांत बसत नाही. मी मॅचमेकरला एक वजनगट वर, ६५.८ किलोवर, लढायची तयारी कळवली. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी दुसऱ्याच कुणाचं नाव पोस्टरवर दिसलं. मुलगा माझ्याशी बोलला, पण तोंडापुरतं.

ऑक्टोबरमध्ये तो जिंकला. पहिल्याच राउंडला, गळ्याच्या पकडीने. ते वर्ष चांगलं गेलं.

आणि मग या वर्षीचा जानेवारी. सहा आठवड्यांनी कार्डवरची, म्हणजे त्या रात्रीच्या यादीतली, मोठी फाईट होती, मानधन दुप्पट. सोमवारी संध्याकाळी सकाळच्या वर्गातल्या एका पोराचा मेसेज आला: ‘दादा, त्याला शनिवारी स्पारिंगमध्ये जोरात बसली. सांगू नका मी सांगितलं म्हणून.’ मी त्याच्या घरी गेलो. खोलीतला दिवा बंद होता. उजेडाने त्रास होतो म्हणाला. शनिवारी जिममधून घरी कसा आला ते त्याला आठवत नव्हतं. ‘दादा, सहा आठवडे आहेत. तोवर ठीक होईन. फॉर्मवर कोण बघतंय?’

मी त्याच्या पलंगाच्या कडेवर बसलो आणि त्याला माझ्या त्या खुणेबद्दल सांगितलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. गुडघा, मॅट, १९ दिवस, ‘नाही’. शेवटच्या फाईटमधला तो ठोसा फार मोठा नव्हता. रेकॉर्डिंगमध्ये बघितलं तर असले ठोसे मी आधी कितीतरी खाल्ले होते. त्या दिवशी मात्र पाय गेले. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर काय होऊ शकतं, हे डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. लढताना कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं. फायटरांच्या मेंदूचा अभ्यास क्लीव्हलंड क्लिनिक २०११ पासून लास वेगासमध्ये करतं आहे, वर्षानुवर्षं त्याच फायटरांना तपासून. मी त्याबद्दल वाचलं तेव्हा माझे ग्लोव्हज कपाटात गेलेले होते.

तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘तुमचं लढून झालंय, म्हणून बोलता.’ मला यावर उत्तर देता आलं नाही. अजूनही नाही.

मंगळवारी न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं, बुधवारी एमआरआय. एमआरआय स्वच्छ आला. त्याला वाटलं सुटलो. डॉक्टर म्हणाले, कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, एमआरआयमध्ये दिसेलच असं नाही, लक्षणं बघावी लागतात. आधी विश्रांती, मग हलका व्यायाम, मग एकट्याने सराव, आणि डॉक्टरांनी लेखी दिल्यावरच स्पारिंग. एकेक पायरी, लक्षण परतलं तर मागे. सहा आठवड्यांत हे बसत नव्हतं. गुरुवारी मी माघारीचा ईमेल लिहिला, डॉक्टरांचं पत्र जोडलं आणि पाठवण्याआधी त्याला वाचायला दिला. ‘पाठवा’ असं तो म्हणाला नाही. फोन माझ्या हातात परत दिला आणि बाहेर गेला. मी पाठवला. माघार घ्यायची वेळ आली तर पत्रासकट, लवकर आणि लेखी घ्या. आमच्या प्रमोशनने दंड लावला नाही. मुदत मात्र पुढे ढकलली, त्याच घड्याळ थांबवायच्या कलमाखाली.

त्या फाईटचे माझे १० टक्के गेले, हे खरं आहे. त्याचं तर सगळं मानधन गेलं. तीन आठवडे त्याने माझे फोन घेतले नाहीत. रोज रात्री डोकेदुखी, झोप आणि उजेडाचा त्रास यांची नोंद ताई मला पाठवायची. सतराव्या दिवशी पहिल्यांदा तिन्हींपुढे शून्य आलं. बाविसाव्या दिवशी तो सकाळच्या वर्गाला आला, मागच्या भिंतीशी बसला आणि मी नवशिक्यांना काय शिकवतो ते बघत राहिला. एप्रिलच्या सुरुवातीला डॉक्टरांनी स्पारिंगला लेखी परवानगी दिली. नवी तारीख अजून आलेली नाही.

आमचा दोन वर्षांचा करार कधीच संपला होता. एकदा नुसत्या शब्दावर पुढे चालवला, ते चुकीचं होतं. या महिन्यात नवा कागद केला आणि ताईकडे दिला, आठ दिवस ठेवा म्हणून. काल तिचा फोन आला. तिने चार प्रश्न लिहून काढले होते. तिसरा होता, ‘स्पॉन्सरवर कमिशन म्हणता, पण स्पॉन्सर त्याने स्वतः आणला तर?’ मी ते कलम आज दुपारी बदललं. त्याने स्वतः आणलेल्यावर माझं काही नाही. सुधारलेली प्रत संध्याकाळी पाठवली आहे, सहीसाठी आणखी आठ दिवस ठेवले आहेत.